घरची

कोसहून सकाळच्या बोटीने आलेला हिशोबनीस
टेबलावरचे स्पंज कोपराने बाजूला सारतो
आणि विचारतो : इथे भागीदार कोण, नोकर कोण?
थेमेलिस म्हणतो, मी भागीदार.
साकेलारिस मोबाईलमधून मान वर न करता म्हणतो, मीही.
साबरी कातरलेल्या ढिगामागून हात वर करतो : नोकर.
मग सगळे माझ्याकडे बघतात.
थेमेलिस हसतो, नोमिकी होय? ती घरचीच.

घरची, हिशोबनीस पुटपुटतो,
रकान्यावर पेन धरून थांबतो.
त्याचा काय दोष?
रकाने दोनच आहेत, छापील.

सत्तावीस वर्षं स्पंज कातरते आहे मी,
मेंढ्या भादरायच्या कात्रीने.
अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडलाय,
बाबांच्या हाताला होता तिथेच.
हॅम्बुर्गचा व्यापारी फोनवर मलाच मागतो
आणि माझ्या "बरा आहे माल" मधून
माल किती बरा ते ओळखतो.
किल्ली माझ्या कमरेला.
आम्लाचं पिंप कधी बदललं, माझ्या डोक्यात.
सही तेवढी माझी चालत नाही.

बाबा गेले तेव्हा त्यांची वही उघडली होती.
खर्चाच्या पानावर, दोर आणि आम्ल यांच्या मधे,
निळ्या शाईत : नोमिकी, बूट.
चार पानांनंतर : नोमिकी, दात.
पोरीवर काय खर्ची पडलं ते लिहून ठेवलं होतं त्यांनी,
पोरगी खर्ची पडली
ते कुठल्या पानावर लिहायचं
हे त्यांनाही कुणी शिकवलं नसणार.

आणि ते वर्ष, साहेब,
समुद्रात रोग आला,
स्पंज हातात घेतला की
भिजल्या पावासारखा सुटून यायचा.
साबरीला दर शुक्रवारी पगार मिळाला.
मिळायलाच हवा होता,
त्याची तीन पोरं नाईलच्या मुखाशी बसून वाट बघत होती.
थेमेलिसने दर महिन्याला उचल घेतली.
साकेलारिसने मोटरसायकल.
मी अकरा महिने काहीच घेतलं नाही.
कुणी नको म्हटलं नव्हतं.
गल्ल्यात नव्हतंच काही,
आणि ते मलाच माहीत होतं,
कारण गल्ला मी मोजायची.

तर तोटा ज्याच्या घशाखाली उतरतो तो भागीदार,
की नफा?

हिशोबनीसाने चष्मा काढला, पुसला, परत घातला.
भाऊ खिडकीतून बंदर बघत राहिले,
जणू तिथे पहिल्यांदाच पाणी आलं होतं.

पाच वाजले.
साबरीने हात धुतले, एप्रन खुंटीला लावला,
"उद्या" म्हणाला आणि गेला.
कुणालाच काही वाटलं नाही.
चढावर लांब होत गेलेली त्याची पाठ मी पाहत राहिले.
त्या पाठीला संध्याकाळ होती.

लिहा, मी म्हणाले. नोकर.

अगं, काय बोलतेस, थेमेलिस खुर्चीतून उठला,
लोक काय म्हणतील, आमची बहीण...

नोकर लिहा. आठ तास. रविवार सुट्टी. विमा.
आणि मागची सत्तावीस वर्षं
सोडून दिली म्हणणार होते,
पण नाही, तीही मांडा.
दुकानाचं देणं म्हणून मांडा,
साबरीच्याच दराने, जास्त नको.

हिशोबनीस यंत्रावर बोटं चालवू लागला.
कागदाची पट्टी निघत राहिली,
टेबलाच्या कडेवरून उतरली,
कात्र्यांच्या टोपलीत शिरली,
तरी बेरीज येईना.
पेन टेकवून तो हळूच म्हणाला,
या आकड्यापुढे तुमच्या भावांचे वाटे
जेमतेम उभे राहतील, बाई.

फोन वाजला. हॅम्बुर्ग.
दोघांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं.
पाच वाजून सात मिनिटं.
मी एप्रनची गाठ सोडत होते
आणि तेव्हा ध्यानात आलं,
या खोलीत खुंटी एकच आहे.
माझा आजवर खुर्चीवरच पडायचा.

साबरीच्या एप्रनवर माझा टांगला.
फोन वाजतच होता.