शि म्हणजे बोट

मांद्र्याला, चढणीच्या तोंडावर,
जिथे पूर्वी काजूच्या बिया साठवत
त्या खोलीत मी चटया अंथरते.
भिंतींना अजून डिकाचा वास आहे.
लोक विचारतात, कसलं तेल हे?
शिआत्सुला तेल लागत नाही. कपडेही काढायचे नसतात.
हे ऐकून निम्मे परत जातात.

इनास मात्र बूट काढून आत आला.
एकतीस वर्षं तारवटी, इंजिनाच्या खोलीत,
उजवा खांदा कानाला चिकटलेला,
कायम फोन धरल्यासारखा.
सुनेने पाठवलं, म्हणाला,
आणि पालथा झोपला.

"कितें गो ह्या नांवाचो अर्थ?"
शि म्हणजे बोट, मी म्हटलं. आत्सु म्हणजे दाब.
उशीतून बराच वेळ नुसता श्वास.
मग, "कसली बोट? टँकर?"

ते बोट, मी म्हणणार होते, ती नव्हे.
पण अंगठ्याखाली काहीतरी हललं,
एवढंसं,
गाळात तिसरी कूस बदलते तसं.
टँकर, मी म्हटलं.

हिसाए-सान शिकवायच्या :
जोर करू नकोस, वजन दे.
मला ते समजलं नव्हतं
आई आठवेपर्यंत. ती फणसावर एक बोट ठेवायची,
दाबायची नाही,
आणि म्हणायची, अजून दोन दिवस.

मी टेकून राहिले.
बाहेर पोदेराचा भोंगा आला, गेला.

"दाब मला शिकवू नकोस," इनास म्हणाला.
"लाल रेघेच्या अलीकडे काटा.
रात्र रात्र बघत बसायचं.
त्या दिवशी माझी पाळी.
बोस्त्यांव म्हणाला, तू झोप, मी बसतो."

पुढचं त्याने सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.
माझा अंगठा तिथेच होता,
आणि अंगठ्यावर माझं सगळं वजन,
आणि खाली कुठेतरी, खूप खाली,
झडप सैल होत असल्यासारखी ऊब.

उठला तेव्हा गालावर चटईचे वळ.
पैसे मोजून दिले, दोनदा.
बूट घालायला वाकला आणि मी पाहिलं :
खांदा अजून वरच आहे,
पण कान आणि खांदा यांच्यामधून
आता एक बोट जाईल.