बसलाव का

बेगमपुऱ्यात आमच्या गल्लीत
दिसतंय तेच विचारायची खोड आहे सगळ्यांना.
पिशवीतून मेथी डोकावत असते, तरी
"भाजी आणली का?"
ओला टॉवेल खांद्यावर, "अंघोळ झाली का?"
आणि ओट्यावरच्या अप्पांना, रोज, वीसएक माणसं:
"काय कंट्रोलर, बसलाव का?"

अप्पा एकतीस वर्षं गंगापूर डेपोत माइकवर होते.
वैजापूर, लासूर, पैठण, फलाट नंबर चार.
त्यांच्या आवाजावर माणसं पळायची,
पोरं काखेत मारून.
आता अर्धं अंग ऐकत नाही.
"दिसंना का तुला," ते खेकसायचे,
"नाचायलो म्हणून?"

वरच्या खोलीत कोलावोले राहायला आला,
इबादानहून, रसायनशास्त्र शिकायला.
पहिल्याच सकाळी ओट्यापुढे
इस्त्रीच्या शर्टासकट पालथा झाला, छाती फरशीला,
आणि म्हणाला, "ए कू इजोको."
अप्पा भडकले.
"मला ए म्हणतो? काल आलेलं पोरगं!"

मग त्यानं जिन्यात, लाइटबिलाच्या पाठीवर लिहून
मला समजावलं:
त्यांचं ए म्हणजे आपलं अहो.
पुढं, जे चाललंय त्याला नमस्कार.
चालणाऱ्याच्या चालण्याला,
उन्हातल्याच्या उन्हाला,
वेणी घालत असेल कुणी तर त्यालाही शब्द आहे.
बाळंतिणीला, जिवावरचं टळलं म्हणून.
आणि बसलेल्याच्या बसण्याला.
"बैठना भी तो करना पड़ता है, दीदी."

अप्पांना मी हे लगेच नाही सांगितलं.
रात्री पाठीखालची उशी सरकवताना सांगितलं.
ते काही बोलले नाहीत.
चांगला हात तेवढा
चादरीवर काहीतरी शोधत राहिला.

सकाळी दूधवाला म्हणाला, "बसलाव का?"
"व्हय," अप्पा म्हणाले. "बसायलो."
माइकवरचा आवाज. गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

परवा आठवा दिवस, नळ आलाच नाही.
मी हंडे लावून कोपऱ्यावर.
कोलावोले सॅक अडकवून निघाला होता,
थबकला, जरासा वाकला:
"ए कू इदुरो."
माझ्या उभं राहण्याला.

लग्न मोडून आले त्या वर्षापासून
मी या कोपऱ्यावर उभी राहते.
पाय दुखतात हे मला तेव्हा कळलं.

समोरून गयाकाकू कळशी घेऊन आल्या.
"काय गं शेवंता, उभी का?"

"उभीये," म्हणाले.
"या."