खालची बाजू

गावाचं नाव सांगून उपयोग नाही,
नकाशा मोठा केला की फक्त तळं दिसतं.
तळ्याच्या पाळीवर टॉवर,
टॉवरपासून तिसरं घर आमचं.
शिलाई मशीनच्या फळीवर लॅपटॉप ठेवून
मी तिथे जपान करते.

म्हणजे एक खोली. सहा चटयांची.
तिकडे खोली चटयांनी मोजतात.
विचित्र वाटलं, मग आठवलं,
आमच्याकडची जुनी माणसं वावर कुडवानं सांगायची,
बी किती पडतं त्यावरून.

चटईच्या वर लव्हाळ्यासारख्या गवताची वीण,
पोटात तणस दाबून भरलेली.
लव्हाळा तळ्यात आहे, तणसाचा ढीग कोठ्यामागे.
ढग येईपर्यंत थांबले, कारण उन्हात सावल्या चुकतात,
आणि लव्हाळ्याचे सतरा फोटो काढले.
तणसाचा एकही नाही.
पोट दिसत नाही, म्हणून करायचं नाही.

चार चटयांचे चार कोपरे
एका ठिकाणी भेटू द्यायचे नाहीत, अशुभ असतं.
हे मी आईला सांगितलं.
ती म्हणाली, लोकं सारखेच असतात बाप्पा.

मग कागदाची दारं, कंदील,
कोनाड्यात फुलदाणी,
मधोमध बुटकं टेबल.
पुण्याहून निरोप: खोली फार नवी दिसते.
माणसं राहून गेल्यासारखी करा.
माणसं मात्र नकोत.

म्हणून दाराचा एक चौकोन फाडला
आणि त्यावर फुलाच्या आकाराचं ठिगळ लावलं.
टेबल कुठे झिजवायचं ते कळेना.

मनिराम वाढई वखराचा दांडा द्यायला आले होते.
विझलेली बिडी कानावर, पाठीमागे उभे राहिले.
"हा पाट कोनाचा?"
पाट नाही काका, टेबल. जपानी. खाली बसून जेवतात.
"मंग पाटच तं झाला."
थोडं वाकून म्हणाले,
"पायाची नस आडवी घेतली तू. फाटंन."
मी म्हटलं, याच्यावर कोणी जेवणार नाही, वजन शून्य आहे.
ते काही बोलले नाहीत.
मी नस उभी केली.

"आता उलटा कर."
उलटून पाहिल्याशिवाय मनिरामकाका कशालाच चांगलं म्हणत नाहीत.
पुतणीच्या लग्नात नवरदेवाचा पाट उलटला होता त्यांनी,
मुहूर्त तीन मिनिटं थांबला.

मी टेबल फिरवलं.
खाली काहीच नव्हतं.
अंधार नव्हे, काहीच नाही,
आरपार राखाडी चौकटी दिसत होत्या.
कॅमेरा जाणार नाही तिथले त्रिकोण काढून टाकायचे असतात,
मग खोली हलकी होते, स्वस्त फोनवरही चालते.
हे मी त्यांना सांगत होते
आणि ते हात पुढे करून
पडद्यावर बोटांनी चाचपत होते,
खरोखरीच्या टेबलाखाली चाचपावं तसं.
"कुसू कुठं हाये याचा?"

चहा न घेताच गेले.
पडद्यावर भुशाची चार बोटं राहिली.

रात्री लाईन गेली. इन्व्हर्टर चाळीस मिनिटांचा.
तेवढ्यात टेबलाची खालची बाजू केली.
दोन आडव्या पट्ट्या, खाचा, कुसू,
आणि कोणता पाय कोणत्या भोकात ते कळावं म्हणून
पेन्सिलीच्या रेघा, एक, दोन, तीन, चार.
तिसऱ्या पायाच्या आधी चुकून दोनच मारल्या होत्या,
तिथे मग घाईनं मारलेली तिसरी, जराशी तिरपी.

पुण्याहून: दोनशे बारा त्रिकोण जास्त, कमी करा.
मी फुलदाणीची पाठ काढली.

पौषात तो खेळ आला.
भाचा प्रणय खाटेवर लोळून खेळतो.
हातात तलवार घेतलेला त्याचा माणूस
एका दारातून येतो, दुसऱ्यातून जातो.
माझी खोली चार सेकंद.

म्हटलं थांब, थोडा बस ना तिथं.
तो वर न बघता म्हणाला,
मावशी, बसायचं बटनच नाही यात.