कंचेभागुबेव

सोहारच्या बंदरामागे, कॅम्प नंबर चारमध्ये
मी हजेरी मांडतो. माझ्याकडे
दोरीला बांधलेलं पेन आणि कंपनीचा कॅल्क्युलेटर,
त्याचं साताचं बटण दोनदा दाबावं लागतं.

आठ अधिक तीन गुणिले दीड.
आठ तास ड्यूटी, तीन तास ओव्हरटाइम, त्याला दीडपट.
मी जसं वाचलं तसं दाबत गेलो.
साडेसोळा आले. साडेसोळाच लिहिले,
सव्वीस दिवस, एकोणीस नावांपुढे.
कुणी तक्रार केली नाही.
पैसे जास्त आल्यावर गणित कोण तपासतं?

गुरुवारी हेड ऑफिसचा फोन: साडेबारा हवे होते.
रोजचे चार तास, जे कुणी राबलंच नाही,
माणशी एकशे चार,
आता पगारातून परत जाणार.
कुंजुमोन अकाउंटंट हळूच म्हणाला, शाळेत गेला होतास ना?

गेलो होतो. देवगडला, सातवी ब.
तावडेबाई छडी आपटत म्हणवून घ्यायच्या,
कंचेभागुबेव.
आम्हाला ते एखाद्या राक्षसाचं नाव वाटायचं.
कंस तर होताच त्यात, सख्खा मामा,
आधी त्याला सोडवा, मग भागाकार, मग गुणाकार,
बेरीज-वजाबाकी शेवटच्या पंगतीला.
घरी मात्र एकच नियम होता: आधी पोटोबा.

गेटवरच्या सालिम अल बलुशीला मी कागद दाखवला.
त्याने सवयीने उजवीकडून सुरुवात केली,
दीड, गुणिले तीन, अधिक आठ,
साडेबारा, म्हणाला, आणि खजुराचा डबा पुढे केला.
छडी नाही, राक्षस नाही. नुसती लिपी.

हरेश्वर मयेकर वेल्डिंगचा चष्मा कपाळावर ठेवूनच आला.
ओरडेल वाटलं होतं. त्याने एवढंच विचारलं,
“न्हाणयेक टाइल्स बसयलंय त्येच्यातून.
निळ्यो. त्यो आता काढूच्यो काय?”

आचऱ्याच्या एका न्हाणीघरात
कुणीही न राबलेले एकशे चार तास
भिंतीला चिकटून बसलेत.
या घटकेला त्यांच्यावर
कुणीतरी तांब्याने पाणी ओतत असेल.

रात्री मी माझा स्वतःचा पगार मांडला.
एकशे वीस उणे चाळीस गुणिले दोनशे.
चाळीस मेसचे नि फोनचे; रियालला धरा दोनशे रुपये.
बायको आधी गुणते, मग चाळीस काढते:
तेवीस हजार नऊशे साठ.
मी आधी काढतो, मग गुणतो: सोळा हजार.
तावडेबाईंच्या नियमाने, कंस न घालता,
उणे सात हजार आठशे ऐंशी.
खिशात हात घातला तेव्हा
बाईंचंच उत्तर जवळचं वाटलं.

पहाटे नव्या पानावर, एकोणीस नावांपुढे,
तीन गुणिले दीडभोवती मी कंस काढत बसलो.
त्यांची गरज नसते. नियमात ते
न दिसता असतातच.
तरी काढले, पेन अडलं तिथे परत गिरवून.

मयेकर खांद्यावरून डोकावला.
“आधी कंस सोडवूचो, नाय?”
“हो.”
“मगे आमका कदी?”
आणि चष्मा डोळ्यांवर ओढून
तो बसच्या रांगेत जाऊन उभा राहिला,
आठ अधिक