एक पॉइंट चार

धुळ्याहून दोन लेन्स आणल्या भाड्याने,
तीन दिवसांच्या बोलीवर.
पंच्याऐंशीला स्टुडिओ पुरेना,
मागे सरकत सरकत मी
थेट अमळनेरच्या गटारीपाशी.
पन्नासची लावली. आता जवळ जाणं आलं.

स्टुलावर कौतिक आप्पा, जिनिंगमधले तोलारी,
मान जराशी तिरपी,
भुवयांत कापसाचं तूस.
छिद्र पूर्ण उघडलं:
मागचं कॅलेंडर विरघळलं, कानही गेले,
आणि फोकस असा पातळ
की दोनातला एकच डोळा धरेल.

एकात मोतीबिंदू, ताकासारखा.
विचारलं, कोणता धरू?

"जेले दिखस नही, तोच साफ काढ.
दुसरा तेनं तो देखी लेई."

पंच्याऐंशी सकाळच्या एसटीने परत पाठवली.
भाडं मात्र
तिन्ही दिवसांचं कापलं त्यांनी.