समास

कुतैसीच्या विद्यापीठात तिसऱ्या मजल्यावर,
जिथे जिना संपतो
आणि भिंतींना द्यायचा रंगही संपला होता,
तिथे बसून मी फोन करते.
दिवसाला चाळीस.
यादी शहाण्णव सालच्या पदवीधरांची.
प्रश्न एकच, छापील:
आपलं काम आपल्या शिक्षणाशी जुळतं का?
पूर्णपणे. काही अंशी. अजिबात नाही.
चौकोन तीन, खूण एक.

नुगझार धातुशास्त्र शिकला.
ज्या भट्टीसाठी शिकला
ती त्याच्या शेवटच्या परीक्षेआधीच विझली.
आता तो पाव लावतो,
मातीच्या खोल भट्टीत कमरेपर्यंत वाकून.
म्हणाला, "भिंत आधी काळी पडते,
मग काजळी जळून पांढुरकी होते,
तेव्हाच पीठ धरून राहतं.
आमचे सर पोलादाबद्दल हेच सांगायचे,
काट्याकडे नको, रंगाकडे बघा.
आता हे कुठल्या चौकोनात बसवणार, बाई?"

लामारा गोड्या पाण्यातले मासे शिकली.
लग्नाच्या झग्यांवर टिकल्या शिवते.
"अजिबात नाही," म्हणाली, "लिहा.
आणि टिकल्यांचं खवल्यांशी काही नातं नाही.
तुम्ही काढाल, म्हणून आधीच सांगते."
मी काढतच होते.
पेन्सिल खाली ठेवली.

एतेरीचा फोन आईनं उचलला.
एतेरी इटलीत, बारी गावात,
कुणा म्हाताऱ्याला उठवते, पुसते, भरवते.
शिकली होती पूल बांधायला.
"इंजिनियर लिहा," आई म्हणाली.
ते शिक्षण झालं मावशी, काम काय लिहू?
"तेही इंजिनियरच लिहा."
पलीकडे कुकरसारखं काहीतरी वाफ सोडत होतं,
ती ते बंद करायला गेली
आणि परत आलीच नाही.

ओतार वकिली शिकला, वकील झाला.
"पूर्णपणे," त्यानं लगेच सांगितलं.
मी आभार मानले.
त्यानं फोन ठेवला नाही.
"यापुढे प्रश्न नाही का?"
नाही.
"नीट बघा. मागच्या पानावर?"
मी खरंच पान उलटलं.
कोरं होतं.

माझं म्हणाल तर मी चार वर्षं
जुन्या हस्तलिखितांचे समास शिकले.
मजकूर नाही, तो इतर शिकायचे.
मी भिंगाखाली कडा वाचायची,
जिथे नकलून काढणारा कुणी भिक्षू
हळूच लिहून ठेवायचा:
शाई गोठली आहे.
इथे माशी बसली, चूक तिची.
बोटं दुखतात.
एवढ्याच विद्येवर कोण नोकरी देणार?
मिळाली ती ही. यादी, टेबल, फोन.

आता अर्जांच्या समासात मी बारीक लिहिते.
पांढुरकी भिंत. मागचं पान. बारी.
त्सियाला मॅडम चष्म्यावरून बघतात:
"समासातलं संगणकात जात नाही, माहीत आहे ना?"
माहीत आहे.
मठातल्या मुख्यानंही असंच काही सुनावलं असेल.

शिक्षण आणि काम,
शेजारी शेजारी ठेवले की जोडशब्द होतो,
मधलं पद गळून जातं.
विग्रह करायला बसलं की तेच शोधावं लागतं:
त्या हिवाळ्यात गेलेली वीज,
बापाचं आजारपण,
एक मुलाखत, जिला जाणारी बस आलीच नाही,
आणि कधी काहीच नाही,
नुसता एक मंगळवार,
ज्या दिवशी कुणीतरी म्हणालं,
तोवर हे कर, मग बघू.

दोनशे बाराव्या क्रमांकावर माझंच नाव निघालं.
नियम म्हणजे नियम, फोन लावायलाच हवा.
नंबर याच टेबलाचा.
लावला.
व्यस्त लागला.

तिन्ही चौकोन सोडून
खालच्या ओळीवर खूण केली:
पुन्हा प्रयत्न करावा.
आणि कडेला, पेन्सिलीनं,
बोटं दुखतात.