उष्टा श्वास

एल आल्तोत हवा मोजून मिळते.
समुद्र खाली चार हजार मीटरवर, आणि इथं
काडी ओढली तरी ती जरा विचार करून पेटते.
इलारिओन चोकेचा चौऱ्याहत्तरचा फोर्ड ट्रक
रिकामा असतानाही चढावर धापा टाकायचा.
लोकर झुलवत लामा पुढे जायचे,
त्यांच्यामागून पोरं, दारावर टपल्या मारत.

"नवा घ्या," साओ पाउलोहून मुलगा फोनवर.
"नव्याला माझे खड्डे माहीत नाहीत," हा इकडून.

मग एका मंगळवारी पोत्यातून टर्बो घेऊन आला.
दरीत गेलेल्या डिझेल मिनिबसचा,
शंखासारखा, आत काजळी.
पोत्याला अजून बटाट्याचा वास.
"बसव, सेनोबिया. पैसे जूनमध्ये, बटाटे गोठले की."

मी सांगितलं, बघ बाबा,
या कार्बोरेटरला जन्मभर एकच ठाऊक:
खालून कुणीतरी ओढतं, आपण द्यायचं.
आता वरून कुणी ढकलू लागलं
तर हे पितळी म्हातारं बावचळेल.
तो म्हणाला, मीपण बावचळतो. मग सवय होते.

टर्बोचा संसार कंजूष घरचा.
इंजिनानं टाकलेला धूर, एरवी वायाच,
जाता जाता एक चाक फिरवतो,
त्याच दांड्यावरचं दुसरं चाक
बाहेरची विरळ हवा कोंबून आत भरतं.
उष्ट्या श्वासावर ताजा श्वास.
धूर घरात येत नाही,
उंबऱ्यावरूनच दळण दळून जातो.

पहिल्या दिवशी दळण फसलं.
काटा सहावर गेला न गेला तोच
काळा लोट, पेट्रोलचा पूर,
आणि मी शिवी दिली ती आयमारात,
स्पॅनिश पुरली नाही.
भांडं उघडलं. आतला पितळी तरंगा,
पन्नास वर्षं पोटातल्या हवेवर तरंगलेला,
चहूबाजूंनी चेपला होता,
चोखून टाकलेल्या आंब्यासारखा.
दाब वाढला की पोकळ असेल ते पहिलं जातं,
माझा बाप म्हणायचा.
कार्बोरेटरबद्दलच म्हणायचा, बहुतेक.

इलारिओन काही न बोलता घरी गेला,
आला तो खिसे भरून बुचं घेऊन.
थोरलीच्या लग्नातल्या, तारिहाच्या वाइनची.
जावई पळाला, बुचं राहिली.
ती चिकटवली, कानशीनं घासली,
वरून लाखेचे चार हात, दोन दिवस ऊन.
भरीव. आता चेप म्हणावं.

ठिणगी थोडी उशिरावर आणली,
भरल्या पोटी घाई केली की इंजिन दात वाजवतं.
पेट्रोलच्या पंपालाही एक नळी जोडून
दम दिला, दोन्ही अर्थांनी.
त्यानं बॉनेटवर दारू शिंपडली,
पहिला घोट जमिनीला, दुसरा टर्बोला,
तिसऱ्याचा हिशेब मी विचारला नाही.

ला कुंब्रेचा घाट. मागे पस्तीस पोती.
मी शेजारी, कान इंजिनात.
तिसऱ्या वळणावर शीळ सुरू झाली, बारीक,
पलीकडच्या गल्लीतून ओळखीचं कुणी हाक मारावं तशी,
आणि पाठीला सीट लागली.
लामांनी रस्ता दिला.
इलारिओन हसला नाही. आता तोच धापा टाकत होता,
तोंड उघडं, ओठ निळसर, त्र्याहत्तर वर्षांचा,
आणि त्याला बसवायला
माझ्याकडे काही नव्हतं.

माथ्यावर थांबलो. काचेवर बर्फाची कणी.
"लगेच बंद करू नको," मी म्हटलं,
"आत चाक अजून फिरतंय, तापलेलं.
तेल वाहू दे. दोन मिनिटं."

उभ्या जन्मात, गाडी थांबली की
उडी मारून पोती मोजायला पळणारा तो
किल्लीवर हात ठेवून बसला.
शीळ विरत गेली.
खाली युंगासवर ढग साचले होते.
त्याचा श्वास हळूहळू जागेवर आला.

"झाली?" त्यानं विचारलं.
"अजून एक," मी म्हटलं.
झाली होती केव्हाच.